पडद्याची उलटी बाजू

पुसद, ४ फेब्रुवारी १९६०

तंबू उभा राहिला. दारावर तंबूवाल्या वामनरावांनी माझा फलक लावला आहे. डोळ्यांवर भोकं पाडलेली काळी पट्टी, हातात चाबूक, खाली पांढरा घोडा. घोड्याचं गाढव झालं आहे, मी मात्र बरी उतरले आहे. वर नाव ‘मिस शमा’, खाली ‘घोडेवाली सुलताना’, त्याखाली ‘बारा रिळे, सात मारामाऱ्या’.

मी जमनी. इथून दोन कोसांवरच्या तांड्यातली, धावजी कारभाऱ्याची मुलगी. फलकावर हे नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

ही वही लीलाबाईंनी दिली. मुंबईला कंपनीत त्या आम्हाला रंग लावायच्या. दोन शॉटच्या मधल्या वेळात त्यांनीच मला अक्षरं शिकवली. “रडू येईल तेव्हा लिहीत जा,” म्हणाल्या. रडू येत नाही. बोलावंसं मात्र वाटतं, आणि वामनराव तंबूच्या दोरांखेरीज कशावर बोलत नाहीत.

बावीस वर्षांपूर्वी याच मैदानात सर्कस आली होती. माझं लग्न आठ दिवसांवर होतं. मी सर्कशीच्या घोड्यावर बसून दाखवलं आणि पुन्हा उतरलेच नाही. सर्कशीतून सिनेमात गेले. आधी दुसऱ्या नट्यांच्या जागी उड्या मारल्या, मग माझ्या नावावर सात चित्रपट झाले. एकाही पेपराने एक ओळ लिहिली नाही. गिरणीतली माणसं बाकांवर उभी राहून शिट्ट्या मारायची, ते मी ऐकलं आहे. कंपनी बुडाली तेव्हा बाकीच्यांनी खुर्च्या आणि पंखे नेले. मी गोदामातून हे बारा डबे उचलले. सातांतला हा एकच चित्रपट उरला आहे आणि त्याची ही एकच प्रत. याला चोरी म्हणायचं असेल तर म्हणा.

मी गेले त्या दिवशी बाने नसाबेत, म्हणजे आमच्या पंचायतीत, सेवाभायाची आण घेतली की पोरीचं तोंड पाहणार नाही. चार वर्षांनी याडी, माझी आई, गेली. मला कळलं तेव्हा सहा महिने होऊन गेले होते.

मला तांड्यात परत जायचं आहे. भावाच्या घराशेजारी एक झोपडी, एवढंच. अडतिसावं चालू आहे, उजवा खांदा दोनदा निखळला आहे. मुंबईत भाड्याच्या खोलीत मरायचं नाही.


६ फेब्रुवारी

पहिला खेळ. तंबू भरला.

आमच्याकडे लोक पडद्याच्या दोन्ही बाजूंना बसतात. समोर बाकं, मागे नुसती जमीन आणि निम्मं तिकीट. मागच्यांनाही नीट दिसावं म्हणून खेळाआधी पडद्यावर पाणी मारतात. मागून नावं उलटी दिसतात, पण तिथे बसणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना ती सुलटीसुद्धा वाचता येतात.

मी पहिल्या उडीला शिट्ट्या मोजायला लागले आणि मग सोडून दिलं. अकराव्या रिळापर्यंत माझ्या डोळ्यांवर पट्टी आहे. बाराव्यात ती काढते आणि राजाला कळतं की ही आपलीच मुलगी. तिथे बायका रडल्या. मारामारीला रडल्या असत्या तर मला जास्त आवडलं असतं.

वामनराव म्हणाले, “मागं एक बुढा बसलता. घोंगडं डोक्यावरून घेतलेलं. पुलावरच्या मारामारीले उठून उभाच राह्यला! खाली बसा म्हटलं तं माह्याच अंगावर आला. अन् शेवटचं रीळ चढवलं तसा निघून गेला. ऐन मजेच्या वक्ताले.”

तांड्याने पाळतीवर माणूस पाठवला असणार. पाठवू दे.


९ फेब्रुवारी

बाजारात हंसाबाई भेटली. माझ्या भावाची, पूनमसिंगाची बायको. मी तिला कधी पाहिलं नव्हतं, तिनेच मला ओळखलं.

“तुमीच ना नणंदबाई? फलकावरच्याहून बारीक दिसता.”

घरची बोली मला लिहिता येत नाही, म्हणून तिचं बोलणं बाजारातल्या वऱ्हाडीत लिहिते. तशीही ती दोन्हींत सारखीच भरभर बोलते. मी विचारलं, बा कसा आहे?

“बुढा खुटखुटीत आहे. रोज सांजच्याले बैल शोधाले जाते.”

“कुठला बैल?”

“तेच तं. बैल गोठ्यात रायते, अन् बुढा दोन कोस शोधाले जाते. मी म्हटलं, मामाजी, बैल हा का इथं! तं मलेच म्हणते, तुले काय समजते बैलातलं.”

ती पदर तोंडाला लावून हसत राहिली. मला वाईट वाटलं. बाला एवढा विसर पडत असेल असं वाटलं नव्हतं. म्हाताऱ्या माणसाला असं हसू नये, हे तिला सांगायला हवं होतं.

ती म्हणाली, तांड्याच्या प्रमुखांशी, नायकांशी, बोलून पाहते. परतायची वाट नसाबेतूनच जाते.


१४ फेब्रुवारी

गावातले एक प्रतिष्ठित गृहस्थ तंबूवर आले. म्हणाले, “बाई, आपण संतांच्या चरित्रावर काही का दाखवत नाही? हे चाबूक वगैरे, स्त्रीला शोभत नाही.”

मी म्हटलं, “मला कुणी संताचं काम दिलं नाही. उंच भिंत असली की मला बोलवायचे.”

वामनराव लगेच म्हणाले, “साहेब कालही आलते. परवाही. पुढच्या बाकावर.”

गृहस्थ गेले. खांदा रात्रभर दुखतो. त्या पांढऱ्या घोड्याने मला पाच वेळा पाडलं. सहाव्या वेळचा शॉट चित्रपटात आहे.


१८ फेब्रुवारी

तांड्यात जाऊन आले. सगळं क्रमाने लिहिते, नाहीतर रागात उलटसुलट होईल.

मला वेशीच्या पळसाखाली बसवलं. नसाब समोर जमली. भीमसिंग नायक मधे, त्यांच्या उजवीकडे कारभारी म्हणून बा. बा माझ्याकडे पाठ करून बसला होता. मी बावीस वर्षांनी त्याला पाहिलं आणि पाहिली ती पाठ. खांदे उतरले आहेत, पण मान तशीच ताठ.

भीमसिंग नायक वाईट माणूस नाही. सावकाश बोलतात आणि बोललेलं बदलत नाहीत. म्हणाले, “जमनी, तुले परत घ्याले तांडा तयार आहे. भावाच्या बाजूले जागा देऊ. पण त्या कामाचं नाव राह्यलं नाई पाह्यजे. होळीच्या पहाटेले ते डबे घेऊन ये अन् सगळ्यायच्या समोर आगीत टाक. मंग तू आमची.”

“नायक, सातांतलं एकच उरलंय.”

“मंग एकच जाळा लागंल.”

मी काही बोलायच्या आत बा बोलला. माझ्याशी नाही, नायकांशी. “तिले विचारा नायक, थे डाव्या हातानं कायले मारते? लहानपणी डावरी होती. म्या सालभर तिचा डावा हात कमरेले बांधून ठेवलता. जेवाले उजवा लावला, पाण्याले उजवा लावला. अन् तिथं जाऊन चाबूक पुन्हा डाव्यानंच? बापाचं एवढंही आयकू नाई?”

मला एवढा राग आला की मी उभी राहिले. “बा, साऱ्या चित्रपटात मी उजव्या हाताने मारलंय! एकदाही डावा वापरला नाही. ज्याने तुला हे सांगितलं तो खोटारडा आहे.”

मागून त्याचे कान लाल झालेले दिसले. नायक त्याच्याकडे पाहत राहिले. बायकांच्या घोळक्यात हंसाबाईला खोकल्याची एवढी उबळ आली की ती उठून घरात गेली.

मी विचार करून सांगते म्हटलं आणि निघाले. कुणी पाणी विचारलं नाही.


१९ फेब्रुवारी

अजून राग जात नाही. मारामाऱ्या शिकवणारा मास्तर मला नेहमी म्हणायचा, डाव्याने मार, वेगळं दिसेल, लोकांच्या लक्षात राहशील. मला जमलंच नाही. हात उचलायचा आणि मधेच थांबायचा, कमरेला दोरी असल्यासारखा. बाने बांधलेला हात मुंबईतही सुटला नाही. आणि तो म्हणतो, मी ऐकलं नाही!

कोण जाऊन खोटं सांगतं त्याला? तो घोंगडीवालाच असणार. आजही आला होता म्हणे. पुन्हा शेवटच्या रिळाआधी उठला.


२६ फेब्रुवारी

वामनरावांना नसाबेची अट सांगितली.

“मंग मी काय दाखवू? माही धोतरं वाळत घातलेली?” ते ओरडले. नंतर बराच वेळ दोर ओढत राहिले. मग हळूच म्हणाले, “घर पाह्यजेच माणसाले. मी नाई म्हणणार नाई. डबे तुमचे आहेत.”

ते ओरडत होते तेच बरं होतं.

खरं लिहायचं तर मी जाळायच्या विचारात आहे. आज पोत्यावर बसून पूर्ण चित्रपट पाहिला. राजा लाकडाचा वाटतो, गाणी लांबलेली आहेत आणि वाघ खोटा आहे हे मागच्या रांगेतही कळतं. हे वाचवण्यासारखं काय आहे? मी लीलाबाईंना विचारलं असतं तर त्याही म्हणाल्या असत्या, घर घे. मग पुलावरची उडी आली. ती उडी खरी आहे. खाली जाळं नव्हतं. ते कुठेही लिहिलेलं नाही, फक्त त्या डब्यात आहे.

ठरत नाही.


५ मार्च

आज कळलं.

दुपारी वाऱ्याने पडदा एका कडेला फाटला. घाईत खेळ सुरू झाला, म्हणून मी सुई-दोरा घेऊन मागच्या बाजूला गेले. या बाजूला मी आजवर कधी उभी राहिले नव्हते. शिवून झालं, कनातीपर्यंत मागे सरले आणि वर पाहिलं. मी घोड्यावर होते आणि चाबूक माझ्या डाव्या हातात होता.

आधी वाटलं, रीळ उलटं चढवलं. मग कळलं की या बाजूने सगळंच असं दिसतं. पुलावर चढणारी, फाटक उघडणारी, चौघांना लोळवणारी, सगळी मी डावरी.

माझा डावा हात ज्याने पाहिला, तो इथे बसत होता.

दहा हातांवर तो बसला होता. घोंगडं डोक्यावरून, पाठ माझ्याकडे. मान ताठ. शेजारी भाकरीचं फडकं. पुलावरची मारामारी आली तसा तो गुडघ्यांवर उठला आणि पुटपुटला, “मार, पोरी. मार.”

मी पुढे गेले नाही. गेले असते तर त्याला माझं तोंड दिसलं असतं आणि आण मोडली असती. एक महिना रोज चार कोस चालून ज्याने ती सांभाळली, त्याची मी एका पावलात मोडू?

अकरावं रीळ संपलं. तो उठला, घोंगडं झटकलं. मी पदर तोंडावर ओढून कनातीला चिकटून उभी राहिले. तो हातभर अंतरावरून गेला. धुराचा आणि बैलाचा वास. बैल सापडला असेल एकदाचा.


१२ मार्च

उद्या पहाटे होळी. आमच्यात होळी उजाडताना पेटते.

एक वाक्य नसाबेत टाकलं की झालं. कारभारीच रोज तंबूत बसतो, असं म्हटलं की माझ्यावरची अट उभी राहणार नाही. हंसाबाईला पहिल्यापासूनच ठाऊक होतं. बाजारात म्हणाली, “बोलून टाका. मी साक्ष देतो.”

नाही बोलणार. बाला खाली पाहायला लावून मला झोपडी नको. डबेही नेणार नाही. वामनरावांना सांगितलं. आज पहिल्यांदा त्यांनी माझ्या चहात साखर ढवळून दिली.


१३ मार्च

पहाटे गेले. अंगात सिनेमातला घोडेस्वारीचा पोशाख, पायात बूट, हातात चाबूक. फेट्या-कांचळीतल्या, आरसे लावलेल्या घागरा-चोळीतल्या बायका बघत राहिल्या. मी मुद्दामच घातला होता.

होळी पेटली होती. पोरं नाचून दमली होती. नायक म्हणाले, “डबे?”

“आणले नाहीत.”

“गाडीत आहेत?”

“तंबूत आहेत. तिथेच राहतील. नायक, बावीस वर्षं मी घोड्यांवरून पडले, त्यातलं एवढंच उरलंय. मी चोरी केली असती, कुणाचं घर मोडलं असतं, तर हात जोडले असते. मी काम केलंय. ते मी जाळणार नाही. जागा नका देऊ. पण मी काय जाळायला नकार दिला, ते बघून तरी घ्या.”

बा पाठ करून बसला होता. आजवर त्याने पाठ केली, आज मी केली. मी त्याला फेरा घालून पुढे गेले, तोंड आगीकडे केलं आणि मोठ्याने म्हणाले, “आता ज्याला बघायचं त्याने बघावं. या बाजूला तोंड नाही.”

आणि चाबूक डाव्या हातात घेतला.

पहिला फटका माझ्याच पायाला गुंडाळला. पोरं खिदळली. दुसरा हवेत मेला. हात नेहमीच्या जागी येऊन थांबला. मी दात आवळले आणि तो पुढे ढकलला. तिसरा वाजला. चौथ्याला होळीतलं पेटतं लाकूड दोन हात उडालं आणि पोरांचं हसू थांबलं.

मागून बाचा आवाज आला, “चित्रात याच्याहून जोरात मारते.”

नुसती आग वाजत होती.

नायक सावकाश म्हणाले, “कारभारी, तुमी चित्र कुठं पाह्यलं?”

मी वळले नाही. मला वळायचं होतं.

“मांगून पाह्यलं,” बा म्हणाला. “तोंड तिकडं होतं, बाकावरच्या लोकायकडं. माह्याकडं नोतं. अन् तरीबी पट्टी होती. पट्टी काढाच्या वक्ताले मी उठून येतो. आण मोडली नाई, नायक. विचारा त्या तंबूवाल्याले.”

“रोज बैल शोधाले जात होते!” हंसाबाईने ओरडून सांगितलं, आणि अख्खा तांडा हसला. पूनमसिंगही हसला. महिनाभर त्याने खरंच बैलाला दावं बदलून पाहिलं होतं.

नायक हसले नाहीत. “नसाबेचा शब्द फिरत नाई,” म्हणाले. “डबे जळाले नाई, तं जागा नाई. हिचं तोंड कोणी पाह्यचं नाई. होळीवर ठरलं.”

“ठरलं,” मी म्हणाले आणि मागे न बघता निघाले. दोन कोस चालताना डावा हात दुखत होता. उजवा अजिबात नाही.


महागाव, २० मार्च

तंबू इकडे हलवला. आज पहिला खेळ.

दिवस मावळताना सात कोसांवरून नऊ बैलगाड्या आल्या. पहिल्या गाडीतून भीमसिंग नायक उतरले आणि तिकिटाच्या खिडकीशी गेले. वामनरावांनी त्यांना समोरची बाकं दाखवली.

“नाई,” नायक म्हणाले. “आमाले मांगचीच द्या. समोरून पाह्याले मनाई आहे.”

सगळा तांडा पडद्यामागे बसला. बायका, म्हातारे, कडेवरची लेकरं. समोर अर्धी बाकं रिकामी आणि मागे पाय ठेवायला जागा नाही. वामनरावांनी पडद्यावर दुप्पट पाणी मारलं. बासाठी मी दुपारीच एक बाज टाकून ठेवली होती. ती कोणी टाकली हे त्याने विचारलं नाही. बसला.

मी पडद्याच्या कडेला, कनातीच्या सावलीत, तोंडावर पदर घेऊन उभी होते. पुलावरच्या उडीला मागची बाजू अशी ओरडली की समोरचे लोक वळून बघायला लागले. हंसाबाई शेजारणीला सांगत होती, “जाळं नोतं खाली. हे खरं आहे.” तिला कोणी सांगितलं कोण जाणे.

अकरावं रीळ संपलं. वामनरावांनी डबा बदलला. बा उठला, घोंगडं झटकलं, खांद्यावर टाकलं. बारावं सुरू झालं. राजवाडा आला, राजा आला, मी आले. माझा हात पट्टीच्या गाठीकडे गेला.

बा दोन पावलं चालला आणि थांबला. परत आला आणि बाजेवर बसला. पट्टी निघाली तेव्हा त्याचं तोंड वर होतं.

खेळ संपल्यावर वामनरावांनी त्याला मुद्दाम विचारलं, “काहो कारभारी, आज काहून नाई उठले?”

“गाडीत बसून पाय आखडले,” बा म्हणाला. “उठवलंच नाई.”